कोंबडीला माज येत नसतो

सुपडू आणि मंगलाबाईचा संसार फार्मच्या ऑफिससमोर उन्हात काढून ठेवला होता. एक लोखंडी पेटी, गॅसची शेगडी, गोधड्यांचं गाठोडं, एक बादली आणि बादलीत कोंबलेली भांडी. मंगलाबाई पायरीवर बसली होती. सुपडू भिंतीच्या सावलीला उभा होता. मी गाडीतून उतरले तोच मालक किरीटभाई दारात आले. नमस्कार नाही, पाणी नाही.

"मॅडम, आप बस इतना बोल दो कि पानी नहीं मिला इसलिए मुर्गी मरी. बाकी मैं देख लूंगा."

मेलेल्या कोंबड्या शेडच्या बाहेर गोणीत भरलेल्या होत्या. एकीलाही मी अजून हात लावला नव्हता. पोस्टमॉर्टेम व्हायच्या आधीच निकाल तयार होता, फक्त खाली सही माझी हवी होती.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बॅगेतून हातमोजे आणि कात्री बाहेर काढली आणि म्हटलं, "टेबल बाहेर काढा. सगळ्यांसमोर करते."

मी पोल्ट्रीची डॉक्टर आहे. म्हणजे व्हेटर्नरीच, पण आयुष्य गेलं कोंबड्यांत. सुरतच्या आसपासच्या फार्मवर मी कन्सल्टंट म्हणून जाते. लिंबायतमध्ये वाढले. वडील लूमवर होते आणि घरी आम्ही अजूनही अहिराणीच बोलतो. त्यामुळे फार्मवर खानदेशातलं कुणी असलं की माझी ओळख मालकाच्या आधी त्यांच्याशी होते. मालकांना ते आवडत नाही.

चलथाणच्या पुढे, उसाच्या शेतांमध्ये हा फार्म आहे. ब्रीडर फार्म. आपण खातो ती अंडी इथं तयार होत नाहीत. इथं कोंबडे आणि कोंबड्या एकत्र ठेवतात, फलित अंडी हॅचरीत पाठवतात आणि तिथं मशीनमध्ये पिल्लं निघतात. त्यामुळे इथं नुसतं अंडं पडून भागत नाही. अंड्यात जीव पाहिजे.

किरीटभाईंची पांडेसऱ्यात डाइंग मिल आहे. कापडात पैसा झाला म्हणून त्यांनी हा फार्म घेतला. माणूस हुशार. कापडातलं सगळं कळतं. त्यावरून आपल्याला सगळ्यातलंच सगळं कळतं असा त्यांचा समज झालेला. सुपडू आधी पांडेसऱ्यातच दुसऱ्या एका मिलमध्ये स्टेंटरवर होता. स्टेंटर म्हणजे रंगवलेलं कापड गरम हवेतून ताणून सुकवायचं लांबलचक मशीन. त्याच्या तोंडाशी उभं राहणाऱ्या माणसाचं काय होतं ते मला विचारू नका, मी आमच्या गल्लीत बघितलंय. सुपडू दोनदा चक्कर येऊन पडला. मग मंगलाबाईने हट्ट धरून ही फार्मची नोकरी मिळवली. नवरा-बायको दोघांना कोंबड्यांच्या दाणापाण्याचं काम आणि राहायला पत्र्याची एक खोली. पहिल्याच भेटीत ती मला म्हणाली होती, "ताई, इथं मन्हा माणूस वाची गया."

आता कळलं असेल त्या उन्हातल्या पेटीचा अर्थ काय होता. ही खोली गेली की सुपडू परत स्टेंटरच्या तोंडाशी.

सुरुवात झाली हॅचरीच्या तक्रारीने. अंडी मशीनमध्ये ठेवल्यावर काही दिवसांनी ती दिव्यासमोर धरून बघतात. अंड्यात जीव असेल तर रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं. नसेल तर अंडं नुसतंच उजळ दिसतं. त्याला आम्ही क्लिअर एग म्हणतो. किरीटभाईंच्या फार्मवरून क्लिअर एग वाढत चालली होती. मे महिना होता. मला बोलावणं आलं.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि मला श्वास घेता येईना. सगळे पक्षी चोच उघडून धापा टाकत होते, पंख अंगापासून लांब धरून. शेडच्या दोन्ही बाजूंना जाळीवर कापड लावलेलं होतं. गुलाबी, मोरपंखी, त्यावर जरीची नक्षी. रिजेक्ट साड्यांचं पॉलिस्टर, घरच्या मिलचं, फुकटचं. पूर्वी तिथं गोणपाट होतं आणि ते दिवसभर ओलं ठेवायचे. ते काढून मॅनेजरने हे लावलं होतं. कारण काय, तर गोणपाट जुनं दिसतं.

मॅनेजर म्हणजे दिनेशभाई. आधी डेअरीत होते. गाई-म्हशींतलं त्यांना चांगलं कळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

"दिनेशभाई, पॉलिस्टर पाणी पितं का?" मी विचारलं.

"नहीं, बेन."

"मग त्याच्यावर पाणी मारून काय उपयोग? आणि वारा?"

"वारा?"

"दुपारी समुद्राकडून जो वारा येतो तो या साड्या अडवतायत. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकते. सुरतच्या दमट हवेत ते आधीच अवघड. त्यात तुम्ही वारा बंद केला."

शब्दाशब्दाला मान हलवणारी माणसं मला आवडत नाहीत. दिनेशभाई शब्दाशब्दाला मान हलवत होते.

वाचणाऱ्यांसाठी जरा सोपं करून सांगते. पक्ष्याला फार उकडलं की त्याच्या मेंदूला एकच गोष्ट कळते, आधी जगायचं. अंडी, पिल्लं, ते नंतर. ताणाचं हार्मोन वाढतं. मेंदूकडून अंडाशयाला जे हार्मोनचे निरोप जातात ते कमी होतात. अंडाशयात पिवळ्या बलकांचे घोस तयार होत असतात, ते आक्रसतात. धापा टाकून टाकून रक्ताचा समतोल बिघडतो, म्हणून कवच पातळ होतं. कोंबड्याचं तर विचारूच नका. त्याची वृषणं पोटाच्या आत असतात. अंग तापलं की तीही तापतात. नर हार्मोन उतरतं, वीर्य दुबळं होतं, आणि मादीजवळ जायची त्याची इच्छाच मरते. दिसायला कोंबडा धडधाकट. तुरा लाल, चाल ऐटबाज. अंडी मात्र क्लिअर.

मी सांगून आले, साड्या आजच्या आज काढा, गोणपाट लावा, पंखे फिरवा, दुपारचं खाणं बंद करा, थंड पाणी ठेवा. संध्याकाळी दिनेशभाईंचा फोन आला. शेठला एका वाक्यात काय सांगू, असं विचारत होते. मी दुसऱ्या फार्मवर होते, गडबडीत होते. म्हटलं, "सांगा, पक्षी हीटमध्ये आहेत. हीट स्ट्रेस. म्हणून अंडी क्लिअर येतायत."

"हीट में?" दिनेशभाईंनी विचारलं. मग घाईघाईने, "हां हां, समज गया, बेन." आणि फोन ठेवला.

त्यानंतरच्या आठवड्यात ती उन्हातली पेटी.

तर टेबल बाहेर आलं. किरीटभाई, दिनेशभाई, सुपडू, मंगलाबाई सगळे भोवती. मी पहिली कोंबडी उघडली. गळ्यातली पिशवी, म्हणजे खाल्लेलं आधी साठतं ती, पाण्याने टम्म. दुसरी उघडली. तीही तशीच. तिच्या पोटात तर कवचासकट तयार अंडं होतं, घालायच्या आधीच मेली. तिसरी, चौथी. रोगाची एक खूण नाही. शरीर आतून शिजल्यासारखं झालेलं.

"किरीटभाई, हे बघा. पाणी. गळ्यापर्यंत पाणी. तहानेने मेलेल्या कोंबडीत पाणी कसं येतं, ते मला समजावून सांगा."

मंगलाबाई बोलली, माझ्याकडे न बघता. "पानी देयेल शे, ताई. तुम्हीच देखा."

कोंबड्यांच्या पाठीवर ओरखडे होते, पिसं उपटलेली, कातडी फाटलेली. हे मला पटेना. इतक्या उन्हात कोंबडे मादीजवळ फिरकत नाहीत. मग हे कुणी केलं? मी एक मेलेला कोंबडा उघडला. यावेळी वृषणं भरलेल्या खारकेएवढी असायला हवी होती. शेंगदाण्याएवढी उरली होती. त्याच्या डोक्यावर, मानेवर चोचींचे घाव. हा नर नरांशी भांडून मेला होता.

मी उठले आणि शेडमध्ये गेले. साड्या होत्या तिथंच होत्या, गुलाबी आणि मोरपंखी. आत मात्र एक गोष्ट बदलली होती. कोंबडे वाढले होते. बाजूच्या खोलीत राखीव ठेवलेले सगळे नर शेडमध्ये सोडलेले. आधीच गुदमरलेल्या शेडमध्ये आणखी गर्दी. नवे आणि जुने नर एकमेकांवर तुटून पडलेले, माद्या जीव वाचवायला कोपऱ्यात एकावर एक चढून, एकमेकींच्या पाठी ओरबाडत दाटलेल्या. दाटल्या की आणखी तापणार. त्या तिथंच मेल्या होत्या.

मी बाहेर आले. माझा आवाज उसापर्यंत गेला असेल.

"नर कुणी सोडले?"

किरीटभाई शांतपणे म्हणाले, "आपने तो बोला था, मॅडम."

"मी?"

"दिनेश, बोल ने."

दिनेशभाईंचे कान लाल झाले. नजर जमिनीवर. "बेन, फोन पर. तमे ज कह्युं ने, पक्षी हीटमां छे."

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. आणि मग एकदम कळलं.

डेअरीत हीट या शब्दाचा एकच अर्थ असतो. गाय हीटमध्ये आली, म्हणजे माजावर आली. मग काय करायचं? वळू आणायचा. दिनेशभाईंची निम्मी हयात यात गेलेली. मी सांगितलं पक्षी हीटमध्ये आहेत, त्यांनी ऐकलं माद्या माजावर आल्यात आणि नर कमी पडतायत, म्हणून अंडी रिकामी. त्यांनी इमानदारीत असतील नसतील तेवढे नर सोडले. भर मे महिन्यात! ध चा मा झाला तो असा. तिकडे एक अक्षर बदललं होतं, इथं तर तेही बदललं नाही.

"मग साड्या का नाही काढल्या?" मी विचारलं.

"हीट में थे, तो ऐसे टाइम पडदा रहे तो अच्छा..."

पडदा! कोंबड्यांना एकांत मिळावा म्हणून!

"दिनेशभाई, कोंबडीला माज येत नसतो. गाईला येतो, म्हशीला येतो. कोंबडीचं अंडं रोजच्या रोज तयार होतं, तिला हीट नावाचा प्रकारच नाही. एकदा विचारायचं होतं मला. एकदा!"

"बेन, तमे लेडीज. केम पूछुं? शरम आवे ने."

मी बाई म्हणून त्यांना विचारायची लाज वाटली. खरं सांगते, या धंद्यात इतकी वर्षं काढली, रोज कोंबड्यांची अंडाशयं कापून बघते, आणि माझ्यासमोर एका शब्दाचा अर्थ विचारायला हा माणूस लाजला. त्या लाजेपायी शंभरेक पक्षी गोणीत गेले. हेही मी गिळलं असतं. माणूस चुकतो. पण लाज वाटणारा हाच माणूस सकाळी त्या दोघांचं सामान बाहेर फेकताना जराही लाजला नव्हता. खापर फोडायला कुणीतरी हवं होतं, आणि पत्र्याच्या खोलीत दोन डोकी आयती होती.

"आणि यांचं सामान का बाहेर फेकलं?" मी विचारलं.

"शेठने कहा था," दिनेशभाई पुटपुटले.

मी किरीटभाईंकडे वळले. "आणि तुम्हाला कुणी सांगितलं पाणी दिलं नाही म्हणून?"

"दिनेश बोला."

यांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं, त्यांनी यांच्याकडे. मध्ये पायरीवर मंगलाबाई.

किरीटभाईंचा आता पारा चढला. "मॅडम, एक बात बताओ. मेरी मिल में आदमी स्टेंटर पे बारा-बारा घंटा खड़ा रहता है. कुछ नहीं होता. मुर्गी ऐसी क्या नाजुक है?"

सुपडू दोन पावलांवर उभा होता. त्याने मान खाली घातली.

"होतं, किरीटभाई," मी म्हणाले. "माणसालाही सगळं होतं. फक्त माणूस मेला की त्याला टेबलावर घेऊन तुमच्यासमोर कापत नाहीत, म्हणून तुम्हाला दिसत नाही."

हे मी बोलायला नको होतं असं मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं. मला अजून तसं वाटत नाही.

मग मी पोस्टमॉर्टेमची कात्री तशीच उचलली आणि शेडकडे गेले. पहिली साडी मी कापली. सर्रकन फाटली आणि उसावरून आलेला वारा आत शिरला. जवळच्या कोंबड्यांनी माना वर केल्या. दिनेशभाई धावत आले आणि दुसऱ्या बाजूने दोऱ्या सोडायला लागले. निदान एवढं तरी त्यांनी केलं.

पण नर बाहेर काढणं हे वेगळं काम. घाबरलेल्या, भांडणाऱ्या कोंबड्यांमधून राखीव नर ओळखून पकडायचे, तेही गोंधळ न घालता. गोंधळ झाला की आणखी मरणार. ते काम फार्मवर दोघांनाच यायचं, आणि ती दोघं बाहेर आपल्या सामानाजवळ होती.

किरीटभाई व्यवहारी माणूस. लगेच आवाज बदलला. "चलो भाई सुपडू, हो गया जो हो गया. सामान अंदर रख दो, काम पे लग जाओ."

सुपडू खरंच वाकला. त्याने गाठोड्याला हात घातला. मंगलाबाई उठली नाही. तिने त्याचा हात धरला आणि गाठोडं खाली ठेवायला लावलं.

"ऊठ व," सुपडू हळूच म्हणाला, "जाऊ दे."

"जाऊ दे कशाले?" ती म्हणाली. मग किरीटभाईंकडे बघून, अगदी साध्या आवाजात, "ज्यानी बाहेर काढं, त्यानीच मझार ठेवानं."

किरीटभाईंना अहिराणी कळत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी इतक्या आनंदाने आयुष्यात कधी भाषांतर केलं नाही. "त्या म्हणतायत, सामान ज्याने बाहेर काढलं त्यानेच ते आत नेऊन ठेवायचं."

दिनेशभाई पुढे झाले, पेटीला हात घातला.

"तुम्ही नही," मंगलाबाई म्हणाली. "शेठ."

शेडमधून कोंबड्यांचा कलकलाट येत होता. किरीटभाई पांढऱ्या शर्टात, घामाने भिजलेले, उन्हात उभे. मला वाटलं आता हे गाडीत बसून निघून जातील. त्यांनी शेडकडे बघितलं. मग त्या बाईकडे बघितलं. ती हलणार नव्हती, आणि आत एकेक पक्षी मरत होता.

त्यांनी पेटी उचलली.

खोली ऑफिसच्या मागे आहे. चार भिंती, वर पत्रा, खिडकी नाही. पेटी घेऊन गेले, आले. शेगडी घेऊन गेले, आले. गाठोडं. शेवटी बादली. बादली ठेवायला गेले तेव्हा आत जरा जास्त वेळ लागला, बहुधा कुठं ठेवायची ते कळेना. बाहेर आले ते भिंतीला हात टेकून. चेहरा लालबुंद, तोंड उघडं, धाप लागलेली.

"अंदर तो... बहोत... मतलब, आदमी कैसे..."

"शेठ," मी म्हणाले, "याला हीट म्हणतात."

मंगलाबाई तोवर शेडमध्ये पोचली होती.

ऊन उतरायच्या आत त्या दोघांनी सगळे राखीव नर बाहेर काढले. गोणपाट लागलं, पंखे लागले. मरण थांबलं. अंडी मात्र लगेच सुधारली नाहीत. किरीटभाईंचे फोन सुरूच, "सब किया मॅडम, फिर भी क्लिअर." आजचं अंडं आजच्या हवेचं नसतं. कोंबड्याचं वीर्य नव्याने तयार व्हायला काही आठवडे जातात, कोंबडीला सावरायला वेळ लागतो. झळ एका दिवसात बसते, उतरायला बरेच दिवस घेते. हे मी त्यांना प्रत्येक फोनला सांगितलं. पुढं हॅचरीची तक्रार थांबली, तसे त्यांचे फोनही थांबले.

मंगलाबाईच्या खोलीला आता खिडकी आहे, पत्र्यावर उसाचं पाचट आहे आणि आत शेडमधल्यासारखाच एक पंखा आहे. माफी कुणी मागितली नाही. मीही त्याची वाट बघत नाही.

धडा एवढाच घेतला. फोनवर मी आता कुणाला हीट म्हणत नाही, उकाडा म्हणते. माज हा शब्द मात्र मी अजून वापरते, पण कोंबड्यांबद्दल नाही.